सुकाणू कोणाच्या हाती?

१९४७ सालच्या जानेवारीत ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकी मासिकात एका गणितज्ञाचे पत्र प्रसिद्ध झाले. विमाने बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीतील संशोधकाने त्याच्याकडे एका अहवालाची प्रत मागितली होती. अहवाल त्या गणितज्ञानेच युद्धकाळात लिहिलेला होता आणि मागणीत वरकरणी वावगे असे काही नव्हते. तरीही त्याने प्रत देण्याचे नाकारले, नकाराची कारणे लिहून कळविली आणि ते पत्र सर्वांनी वाचावे म्हणून छापू दिले. महायुद्ध संपून जेमतेम दीड वर्ष लोटले होते. विजयाचे श्रेय रणांगणाइतकेच प्रयोगशाळांनाही दिले जात होते. शास्त्रज्ञांच्या दारी सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला होता. अशा वेळी आपली विद्या यापुढे संहाराच्या कामी देणार नाही, असे जाहीरपणे सांगणारे हे गृहस्थ म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक नॉर्बर्ट वीनर.

वीनर यांच्या मृत्यूला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. गोंगाटातून संकेत वेगळा काढणे, अनिश्चित गतीच्या वस्तूचा माग घेणे आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणे, ही जी विद्या त्यांनी उभी केली तिच्या वंशजांवाचून आज विमानतळावरील रडार चालत नाही की अवकाशयान मार्गावर राहत नाही. क्षेपणास्त्रही तिच्यावाचून चालत नाही, आणि पेच तेथेच आहे. त्या अहवालात काय होते आणि तो लिहिणाऱ्यानेच त्याचे दार का लावून घेतले, हे समजण्यासाठी वीनर यांच्या आयुष्याकडे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

बापाची शाळा

नॉर्बर्टचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर हे रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले ज्यू विद्वान. अनेक भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ते स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला आपल्या पद्धतीने शिकवून असामान्य बनवायचे, हा त्यांचा ध्यास होता. धडा सुरू होई तेव्हा वडील प्रेमळ आणि गप्पिष्ट असत. बीजगणितात पहिली चूक झाली की तेच वडील क्षणार्धात पालटत. प्रेमळ बापाच्या जागी एक कठोर न्यायाधीश उभा राही आणि मुलगा रडू लागेपर्यंत हे चाले. एकाच माणसाची ही दोन रूपे, आणि एका रूपातून दुसऱ्यात जाण्याची वेळ आधी कळायची नाही. या आठवणीचा सल वीनर यांना आयुष्यभर राहिला आणि त्यांनी तो आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदविला. भरीला दृष्टी अधू होती. आठव्या वर्षी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद करविले, तेव्हा सारा अभ्यास तोंडी आणि मनातल्या मनात करावा लागला.

पद्धतीला फळ आले, असे जगाला दिसले. अकराव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजात प्रवेश, चौदाव्या वर्षी पदवी आणि १९१३ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, तर्कशास्त्रातील प्रबंधाबद्दल हार्वर्डची डॉक्टरेट. मुलगा यशस्वी झाला तो पद्धतीमुळे आणि चुकला तर स्वतःच्या दोषामुळे, असा मात्र वडिलांचा जाहीर दावा होता. यशात वाटा नाही आणि अपयश सारे आपले, या हिशेबाने नॉर्बर्टच्या मनाला जी पोखरण लागली ती प्रौढपणीही थांबली नाही. उत्साहाचे उधाण आणि खिन्नतेची ओहोटी यांच्या अदलाबदलीत त्यांचे दिवस जात. सहकाऱ्यांना त्यांच्या विद्वत्तेचा धाक होता, तसाच त्यांच्या लहरीचाही.

डॉक्टरेटनंतर केंब्रिजला बर्ट्रंड रसेल यांच्याकडे आणि पुढे ग्योटिंगेनला हिल्बर्ट यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. आइन्स्टाइन यांचे १९०५ सालचे निबंध वाचण्याचा सल्ला रसेल यांनी दिला. पुढे त्या सल्ल्याचे मोल फार मोठे ठरले. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, त्यांनी लष्कराच्या तोफखाना चाचणी केंद्रात तोफगोळ्यांच्या पल्ल्याची कोष्टके बनविण्याचे काम केले, आणि १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेत रुजू झाले. तेथेच त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

केंब्रिज गावातले कोसंबी

बौद्ध वाङ्मयाच्या संशोधनासाठी धर्मानंद कोसंबी हार्वर्डला जात असत. १९१८ साली त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. धर्मानंद आणि लिओ वीनर हे एकाच विद्यापीठातील सहकारी; त्या ओळखीतून मुलांचीही ओळख झाली आणि वयात तेरा वर्षांचे अंतर असूनही नॉर्बर्ट वीनर आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा स्नेह जडला. गोव्यात जन्मलेला आणि पुण्यात वाढलेला हा मुलगा पुढे गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाचा नवा भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झाला.

या दोघांच्या विद्येतही पुढे एक सांधा आढळतो. १९४३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना, कोसंबींनी यदृच्छ प्रक्रियांच्या पृथक्करणाविषयी एक निबंध ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील पद्धत काही वर्षांनी कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली गेली. गोंगाटातून अर्थ वेचण्याच्या आजच्या शास्त्रात ती पायाभूत मानली जाते. ज्या काळात बोस्टनजवळ बसून वीनर एक गुप्त अहवाल लिहीत होते, त्याच काळात त्याच विषयाच्या शेजारच्या दालनात पुण्यात एकट्याने काम चालले होते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

नदी आणि परागकण

वीनर यांची गणिती दृष्टी प्रथम स्थिरावली ती अनियमित गोष्टींवर. त्यांच्या संस्थेसमोरून चार्ल्स नदी वाहते. क्षणोक्षणी बदलणाऱ्या तिच्या पृष्ठभागाचे वर्णन गणिताने करता येईल काय, हा प्रश्न त्यांना पडे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सतत थरथरत, भरकटत असतात, हे रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली परागकणांच्या निरीक्षणात पाहिले होते. पाण्याच्या रेणूंचे असंख्य धक्के हे त्याचे कारण आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितले. एका कणाचा मार्ग सांगता येत नाही, हे तर उघडच होते. वीनर यांनी १९२३ मध्ये शक्य असलेल्या सर्व मार्गांच्या समुदायालाच गणिती रूप दिले आणि त्यातील कोणत्या प्रकारच्या मार्गांची संभाव्यता किती, हे मोजण्याची रीत घालून दिली. त्या प्रक्रियेला आज त्यांचेच नाव आहे. एकट्या घटनेपुढे हात टेकावे लागले तरी घटनांच्या समुदायाविषयी निश्चित बोलता येते, हा या कामाचा गाभा होता आणि पुढचे सारे त्यावरच उभे राहिले.

विमान आणि तोफ

१९४० साली युरोपच्या आकाशात जर्मन बॉम्बफेकी विमानांचा धुमाकूळ चालू असता विमानवेधी तोफांचा प्रश्न ऐरणीवर आला. गोळा उंचावरच्या विमानापर्यंत पोहोचण्यास वीस सेकंदांपर्यंत वेळ लागे. ताशी ४८० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या वेळात अडीच किलोमीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. तेव्हा विमान दिसते तेथे तोफ रोखून उपयोग नाही. ते जेथे असेल तेथे ती रोखली पाहिजे. शिवाय रडारची किंवा दुर्बिणीची मोजमापे सदोष, त्यांत गोंगाट मिसळलेला. या भेसळीतून खरी गती गाळून घ्यायची आणि तिच्यावरून पुढची जागा सांगायची, हे काम वीनर यांनी ज्युलियन बिगेलो या तरुण अभियंत्याच्या मदतीने हाती घेतले.

१९४२ च्या फेब्रुवारीत त्यांचा अहवाल तयार झाला. कोणत्या गाळणीतून संकेत काढला असता चुकीच्या वर्गाची सरासरी किमान राहील, याचे नेमके उत्तर त्यात होते. पिवळ्या वेष्टणातला हा गुप्त अहवाल इतका अवघड होता की, वाचणाऱ्या अभियंत्यांनी त्याचे नाव ‘पिवळे संकट’ असे ठेवले. सोव्हिएत रशियात कोल्मोगोरोव्ह यांनी हाच प्रश्न थोडा आधी स्वतंत्रपणे सोडविला होता आणि वीनर यांनी त्यांचा अग्रमान मोकळ्या मनाने मान्य केला.

सिद्धांत थोर ठरला, यंत्र मात्र रणांगणावर पोहोचले नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या मालिकेचा सांख्यिकी स्वभाव काळानुसार बदलत नाही, तिच्यासाठी वीनर यांची गाळणी सर्वोत्तम होती. परंतु विमानात वैमानिक बसलेला असतो. तो काही क्षण सरळ जातो, खालून गोळे येऊ लागले की वळतो, सूर मारतो, पुन्हा सरळ होतो. प्रत्येक अवस्थेत विमानाच्या गतीचा नियम वेगळा, आणि एका अवस्थेतून दुसरीत उडी केव्हा पडेल हे यदृच्छेवर. स्वभाव पालटणाऱ्या बापाच्या तालमीत वाढलेल्या माणसासमोर गणितानेही तोच प्रश्न टाकला होता.

उडी मारणाऱ्या यंत्रणा

हा प्रश्न वीनर यांच्या हयातीत पुरता सुटला नाही. आंद्रेइ मार्कोव्ह यांनी १९०६ साली घटनांची एक साखळी मांडली होती. तिच्यात पुढची अवस्था केवळ चालू अवस्थेवर अवलंबून असते, त्याआधीच्या इतिहासावर नाही. अवस्थांच्या उड्यांना या साखळीचा नियम लावला की प्रश्न हाताळण्याजोगा होतो. अशा यंत्रणांच्या नियंत्रणाचा विचार क्रासोव्स्की आणि लिड्स्की यांनी १९६१ च्या सुमारास सोव्हिएत रशियात सुरू केला. त्याच सुमारास, १९६० मध्ये, रुडॉल्फ काल्मान यांनी प्रत्येक नव्या मोजमापाबरोबर आपला अंदाज सुधारत जाणारी गाळणी दिली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या मार्गदर्शनात तिचा उपयोग झाला.

अडचण तरीही उरली. विमानाच्या तीन अवस्था मानल्या तर दहा क्षणांत त्यांचे ५९,०४९ वेगवेगळे इतिहास संभवतात आणि प्रत्येकासाठी वेगळी गाळणी चालविणे अशक्य. त्यावर १९८८ मध्ये ब्लॉम आणि बार-शालोम यांनी व्यवहार्य तोड काढली. प्रत्येक अवस्थेसाठी एकच गाळणी ठेवावी, प्रत्येक क्षणी त्यांचे अंदाज एकमेकांत मिसळावेत आणि जिचे भाकीत मोजमापाशी जुळेल तिचे वजन वाढवावे. वाहतुकीच्या नियंत्रणासाठी विमानांचा माग घेणाऱ्या यंत्रणांत ही रीत रुळली. १९८९ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी तेजी आणि मंदी यांच्या अदलाबदलीलाही अशाच साखळीचे गणित लावले.

या शास्त्रातील एक निष्कर्ष सामान्य माणसालाही चक्रावून टाकतो. एखाद्या यंत्रणेच्या साऱ्या अवस्था आपापल्या जागी स्थिर असल्या, तरी त्यांच्यातील अदलाबदलच कधी तिला अस्थिर करून सोडते. सुटे भाग निर्दोष आहेत म्हणून सारे सुरक्षित आहे, ही समजूत येथे कोसळते.

सुकाण्याचे शास्त्र

तोफेच्या कामातून वीनर यांना आणखी एक सूत्र गवसले. चुकीची जाणीव यंत्राला परत पोहोचवून त्याची चाल सुधारता येते. पण सुधारणा अति झाली की यंत्र हेलकावे खाऊ लागते. माणसाच्या मज्जासंस्थेत असे काही घडते काय, असे त्यांनी आणि बिगेलो यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्ल्यूट यांना विचारले. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात पेला उचलताना नेमका तसाच हेलकावतो, असे उत्तर मिळाले. प्राणी आणि यंत्र यांच्यातील नियंत्रण आणि संदेशवहन यांचे एकच शास्त्र असू शकते, ही कल्पना येथून पक्की झाली. १९४८ मध्ये त्यांनी ते ग्रंथरूपाने मांडले आणि सुकाण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले. गणिताने भरलेला तो ग्रंथ सर्वांच्या अपेक्षेबाहेर खपला.

सुकाणी होडीची दिशा पाहतो, चूक सुधारतो, पुन्हा पाहतो. परंतु होडी कोणत्या बंदराला न्यायची, हे सुकाणू सांगत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर वीनर यांना हाच प्रश्न छळू लागला होता. तोफेचे यंत्र बनविताना शत्रूचे विमान हे लक्ष्य त्यांनी विनातक्रार स्वीकारले होते, कारण ते विमान शहरांवर बॉम्ब टाकायला येत होते. क्षेपणास्त्राच्या वाटेवर मात्र त्यांना नागरी वस्त्या दिसल्या. गणित तेच, गाळणी तीच, फक्त लक्ष्य पालटले होते. १९४७ चे पत्र या जाणिवेतून आले. त्याच महिन्यात हार्वर्डला भरलेल्या गणकयंत्रविषयक परिषदेतूनही त्यांनी अंग काढून घेतले, कारण तिच्यामागे नौदलाचा पैसा होता.

दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रूथर यांना त्यांनी स्वतः होऊन पत्र लिहिले. स्वयंचलित कारखाना आता दूर नाही, तो आला म्हणजे हजारोंच्या हातचे काम जाईल, तेव्हा संघटनांनी आधीच जागे व्हावे, असा त्याचा आशय होता. ज्ञान विकत घेऊ पाहणाऱ्या उद्योगाला नकार आणि ज्याच्या पोटावर पाय येणार त्याला आगाऊ सूचना, असा हा व्यवहार होता. त्या काळच्या अमेरिकेत तो संशयास्पद ठरला, यात नवल नाही.

वीनर यांच्यावर आक्षेप घेता येतात आणि त्यांत तथ्यही आहे. त्यांच्या नकाराने एकही क्षेपणास्त्र थांबले नाही. १९४९ मध्ये तोच अहवाल पुस्तकरूपाने निघाला आणि ज्याला हवे त्याने त्यातून हवे ते घेतले. ज्या संस्थेत ते शिकवीत होते ती स्वतः लष्करी संशोधनाचे मोठे केंद्र बनली होती. त्यांच्या तोडीचे गणितज्ञ जॉन व्हॉन नॉयमान यांनी याच्या उलट मार्ग धरला आणि ते अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगावर गेले. सत्तेच्या आत राहूनच तिला शहाणपण शिकविता येते, असे मानणारे तेव्हाही पुष्कळ होते. तरीसुद्धा वीनर यांच्या कृतीचे मोल तिच्या परिणामावर ठरत नाही. यंत्र बनविणाऱ्याला त्याच्या लक्ष्याची चौकशी करण्याचा अधिकार आहे आणि ती न करणे हाही एक निर्णयच आहे, हे त्यांनी स्वतःची किंमत मोजून दाखविले. त्यांचे जुने मित्र कोसंबी यांनीही भारतात अण्वस्त्रांविरुद्ध आवाज उठविला आणि अणुशक्तीऐवजी सूर्यशक्तीचा आग्रह धरला. त्यांनाही त्याची झळ सोसावी लागली.

भारताशी वीनर यांचा संबंध पुढेही राहिला. १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. मुंबईचे गणितज्ञ पी. आर. मसानी यांच्यासह त्यांनी तेथे एकाच वेळी अनेक मालिकांचे भाकीत करण्याचा सिद्धांत रचला. तो १९५७ आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मसानी यांनीच वीनर यांच्या समग्र निबंधांचे चार खंड संपादिले आणि १९९० मध्ये त्यांचे चरित्र लिहिले.

१९६० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात वीनर यांनी अखेरचा मोठा इशारा दिला. यंत्र आपल्याहून वेगाने निर्णय घेऊ लागले की त्याला मध्येच आवरणे जमणार नाही. ते सांगितलेले उद्दिष्ट अक्षरशः पार पाडील. म्हणून सांगितलेले आणि मनातले उद्दिष्ट एकच आहे, याची खात्री आधी करून घेतली पाहिजे. १९६४ च्या जानेवारीत अध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि त्याच वर्षी १८ मार्च रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

आज स्वतःहून लक्ष्य निवडणारी शस्त्रे प्रत्यक्षात येत आहेत आणि माणसाच्या नोकरीपासून कर्जापर्यंतचे निर्णय यंत्रांकडे सोपविले जात आहेत. विमानाच्या अवस्था मोजता येतात, त्यांच्या उड्यांची संभाव्यता काढता येते. राज्यकर्त्याची इच्छा, बाजाराचा लोभ किंवा जमावाचा क्षोभ यांच्या उड्या मात्र कोणत्याही साखळीत आधी लिहून ठेवलेल्या नसतात. ज्या हातात आज यंत्र सुरक्षित वाटते, तो हात उद्या बदलू शकतो. ते बनविणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच काम केले पाहिजे, आणि ते वापरणाऱ्या समाजाने लक्ष्य कोणी ठरविले हे विचारीत राहिले पाहिजे.